कुटुंबवैद्याच्या हाती सोनोग्राफी

सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधना जंक्शनाच्या पलीकडे, लोहमार्ग, कापडगिरण्यांच्या चिमण्या आणि दाटीने उभ्या राहिलेल्या सोसायट्या यांच्यामधून पसरत गेलेली डिंडोली ही वस्ती सरकारी दप्तरात गुजरात राज्यात मोडत असली, तरी सायंकाळी तिच्या कित्येक गल्ल्यांतून फिरणाऱ्यास आपण नंदुरबार किंवा अमळनेर येथील एखाद्या पेठेत येऊन पोहोचलो की काय असा भास व्हावा, इतकी तेथील बोली खानदेशी आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापीच्या खोऱ्यातून जो लोहमार्ग सुरतेहून पूर्वेकडे नेण्यात आला, त्याने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही गावे सुरतेच्या बाजारपेठेशी जोडली. आणि पुढे यंत्रमागांचा, रंगाई-छपाईचा व साड्यांचा धंदा जसजसा वाढला, तसतशी कोरडवाहू शेतीवर भागेनासे झालेली कुटुंबे त्याच मार्गाने पश्चिमेस येऊन लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली या भागांत स्थिरावली. पुरुष मागावर नाहीतर मिलमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, स्त्रिया घरबसल्या साड्यांना टिकल्या व खडे लावतात, आणि मुलांसाठी महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते.

या वस्तीचे आरोग्य कोण सांभाळतो, असा प्रश्न केल्यास शहाणा मनुष्य प्रथम ‘सिव्हिल’चे, म्हणजे नव्या सिव्हिल रुग्णालयाचे, आणि त्यापाठोपाठ महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयाचे नाव घेईल, परंतु ताप, खोकला, पोटदुखी, अंगावरची सूज यांपैकी काहीही झाले असता माणूस पहिल्यांदा जातो तो गल्लीच्या तोंडाशी दहा बाय बाराच्या गाळ्यात बसणाऱ्या डॉक्टरांकडे. पाळी सुटल्यावर, रात्री आठ-नऊ वाजता, हातावर मागाचे तेल आणि केसांत सुताचा कापूस तसाच असताना तो तेथे येऊन बाकावर बसतो. दिवसा येणे त्यास परवडत नाही, कारण दिवसा यावयाचे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी. दवाखान्यातील डॉक्टरांपाशी निदानाची साधने म्हणाल तर रक्तदाबाचे यंत्र, तापमापक, स्टेथॉस्कोप, आणि वर्षानुवर्षे त्याच घरांतील माणसे तपासून आलेली जाण. ही जाण मोलाची आहे यात शंका नाही. तथापि माणसाच्या छातीत व पोटात काय चालले आहे हे पाहण्याच्या बाबतीत ती एका विशिष्ट मर्यादेपाशी येऊन थांबते.

समजा, रात्रपाळी करणारा पस्तिशीतला एक कारागीर डॉक्टरांसमोर बसून म्हणतो, ‘साहेब, तीन हप्ते झाले, खोकला जात नाही, आता जिना चढताना दम लागतो.’ डॉक्टर पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून पाहतात. उजवीकडे खाली आवाज बद्द येतो, आणि नळी लावली असता तेथे श्वास ऐकू येत नाही. छातीत पाणी झाले असावे असा त्यांचा कयास होतो. आता एक्स-रे काढणे आले, तो पाहून सोनोग्राफीची चिठ्ठी देणे आले, सोनोग्राफीवाल्याकडे वेळ घेणे आले, आणि मग सिव्हिलची रांग आली. यांपैकी प्रत्येक पायरीला एक खाडा, रिक्षाचे भाडे आणि कमीअधिक फी द्यावी लागते. परिणाम असा होतो की, पहिल्या पायरीनंतर थोडे बरे वाटले की मनुष्य कामावर परततो आणि महिन्याभराने, वजन घटलेल्या व डोळे खोल गेलेल्या अवस्थेत, पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. आपल्या देशात छातीत एका बाजूस पाणी होण्याचे क्षय हे एक प्रमुख कारण आहे, आणि एकेका खोलीत पाच-सहा माणसे दाटीने राहणाऱ्या वस्तीत क्षयाचा महिनाभर विलंब हा केवळ त्या एका माणसाचा राहत नाही.

याच प्रसंगी डॉक्टरांच्या टेबलावर हातात मावणारे सोनोग्राफीचे यंत्र असते, आणि ते वापरण्याचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले असते, तर पाच मिनिटांत काय घडले असते हे पाहण्याजोगे आहे. रुग्णास बसवून, त्याच्या उजव्या कुशीत जेलचा एक ठिपका लावून प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगाला लावावयाचा भाग, टेकविला की पडद्यावर प्रथम यकृताचा करडा पोत दिसतो, त्याच्या वर श्वासपटलाची चकाकणारी कमान दिसते, आणि त्या कमानीच्या वर, जेथे निरोगी माणसात हवेने भरलेल्या फुप्फुसामुळे काहीच स्पष्ट दिसावयास नको, तेथे काळा, स्वच्छ पट्टा दिसतो, हेच पाणी. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये ते कळून येण्यास दोनशे मिलिलिटरच्या आसपास साचावे लागते, सोनोग्राफीस त्याहून पुष्कळ कमी पुरते. हे पाणी क्षयाचे की आणखी कशाचे हे यंत्र सांगत नाही, आणि ते सांगते असा दावा करणारा डॉक्टर रुग्णाची दिशाभूल करील. परंतु ‘उजवीकडे पाणी आहे, काढून तपासावे’ एवढे निःसंदिग्ध वाक्य चिठ्ठीवर लिहून माणसास थेट योग्य दारी पाठविता येते, आणि तीन खाड्यांचे काम एका खाड्यात होते.

रुग्णाच्या उशाशी, त्याला तपासणाऱ्या डॉक्टरानेच, एखाद्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी करावयाची ही सोनोग्राफी गेल्या तीन-साडेतीन दशकांत जगभर रूढ होत आली आहे. तिच्या मुळाशी असलेले शास्त्र पुष्कळ जुने आहे. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखविले. त्याच्या उलट, वीज दिली असता स्फटिक कंप पावून ध्वनी उत्पन्न करतो, या तत्त्वाचा उपयोग पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी झाला. आणि धातूच्या ओतीव कामातील चीर हुडकण्यासाठी कारखान्यांत वापरावयाच्या यंत्रांवरून १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एड्लर व हर्ट्झ यांनी हृदयाची हालचाल टिपली, तर ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली स्त्रीच्या उदरातील गाठी व गर्भ पाहण्याचे आपले प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. मनुष्याच्या कानाला वीस हजार कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही; हे यंत्र सेकंदाला वीस लाखांपासून एक कोटीहून अधिक कंपनांचा ध्वनी शरीरात धाडते, मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर या वेगाने जाणाऱ्या त्या ध्वनीचा प्रतिध्वनी किती वेळाने परतला यावरून अंतर मोजते, आणि त्याचे चित्र बनविते. क्ष-किरणांचा यात संबंध नाही, म्हणून तेच अंग पुन्हा पुन्हा पाहण्यास प्रत्यवाय राहत नाही.

प्रारंभीची यंत्रे फार मोठी व अवजड असत. ती आकाराने घटत गेली, तसतशी अपघात विभागातील शल्यविशारदांनी पोटातील रक्तस्राव पाहण्यासाठी ती उचलली. आणि हवेतून हा ध्वनी जात नसल्यामुळे ज्या फुप्फुसावर सोनोग्राफीचा काडीचाही उपयोग नाही असे पाठ्यपुस्तके बजावीत होती, त्याच फुप्फुसाचे निदान पडद्यावरील कृत्रिम रेघांवरून करता येते हे फ्रान्सच्या दानिएल लिख्टेनस्टाइन यांनी दीर्घकाल चिकाटीने सिद्ध केले. २०१७ साली अमेरिकेत दूरध्वनीला जोडून चालणाऱ्या, एकाच प्रोबने सर्व अंगे पाहणाऱ्या यंत्रास मान्यता मिळाली. येथे यंत्राची गोष्ट संपते. यापुढची गोष्ट शिक्षणाची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक कठीण व अधिक महत्त्वाची आहे. कारण यंत्र दुकानात विकत मिळते, परंतु त्यातून पाहणारा डोळा आणि ते धरणारा हात हे एकेका माणसात घडवावे लागतात.

शिकणाऱ्याची पहिली अडचण मोठी विलक्षण असते. त्याला शरीररचना पाठ असते, परंतु ती पुस्तकातल्या चित्रासारखी समोरून पाहिलेली. येथे मात्र प्रोब जेथे टेकेल तेथून शरीराचा एक पातळ काप पडद्यावर उभा राहतो, आणि प्रोब अंशभर कलला की मूत्रपिंड नाहीसे होऊन आतडे दिसू लागते. म्हणून प्रोबच्या कडेवरील खूण रुग्णाच्या उजवीकडे किंवा डोक्याकडे ठेवावयाची, करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवून हात स्थिर करावयाचा, आणि सरकविणे, कलविणे, फिरविणे यांपैकी एका वेळी एकच हालचाल करावयाची, हे आरंभीचे धडे सुलेखनाच्या कित्त्यासारखे गिरवून घ्यावे लागतात. पुढे चित्राची खोली किती ठेवावी आणि गेन, म्हणजे परतलेल्या प्रतिध्वनीचे वर्धन, किती वाढवावा हे येते. गेन अधिक झाला की पाणीही करडे दिसते, आणि खोली कमी पडली की ज्याच्यासाठी तपासणी मांडली तेच पडद्याबाहेर राहते.

फुप्फुसाचा धडा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. छातीवर दोन बरगड्यांच्या मधोमध प्रोब उभा धरला असता बरगड्यांच्या दोन काळ्या सावल्या दिसतात, आणि त्यांच्या दरम्यान, किंचित खाली, एक पांढरी आडवी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे फुप्फुसाचे आवरण. निरोगी माणूस श्वास घेतो तेव्हा ती रेघ डावी-उजवीकडे मुंग्यांची ओळ चालावी तशी सूक्ष्म लकाकत सरकते. शिकणाऱ्यास आधी ती दिसतच नाही, आणि दहा-बारा छात्या पाहिल्यावर एकाएकी दिसू लागते व मग कधी दिसेनाशी होत नाही. ही सरक थांबली असेल तर छातीत हवा शिरून फुप्फुस दबल्याची शंका घ्यावयाची. त्या रेघेपासून खालपर्यंत उभे झोत सुटताना दिसले व ते दोन्ही बाजूंस पुष्कळ असले, तर हृदयाच्या दुबळेपणामुळे फुप्फुसांत पाणी झिरपत असल्याचा संशय धरावयाचा. दम लागलेल्या वृद्धाचा दम दम्याचा की हृदयाचा, हा कुटुंबवैद्यास नित्य पडणारा प्रश्न येथे सुटण्याच्या वाटेला लागतो; आणि या दोहोंची औषधे निराळी असल्यामुळे त्या उत्तराला किंमत आहे.

पायाच्या सुजेचा धडा तर याहूनही सोपा आणि म्हणून अधिक पटणारा. बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराचा एकच पाय सुजून दुखू लागला, तर खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली आहे की काय ही धास्ती असते, कारण ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोब ठेवून हलकेच दाबावयाचे. शेजारची धमनी गोल व ठोके देत राहते, आणि निरोगी नीला दाबाखाली पूर्ण मिटते. मिटली नाही तर त्याच रात्री रुग्णालयात पाठवावयाचे. येथे नवशिक्याचा हात उलटी चूक करतो: नीला शोधतानाच तो इतका दाब देतो की ती मिटूनच जाते आणि त्याला दिसत नाही. गुरू त्याच्या मनगटावर आपला हात ठेवून दाब कमी करवितो. हे मनगटावर हात ठेवणे कोणत्याही दृक्‌श्राव्य पाठातून साधत नाही, आणि म्हणूनच दोन दिवसांच्या शिबिरात प्रमाणपत्र वाटून मोकळे होण्याच्या प्रवृत्तीस माझा विरोध आहे.

मग किती शिक्षण पुरेसे मानावे? जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली सोनोग्राफीच्या प्रशिक्षणाच्या पायऱ्या ठरवून दिल्या; अमेरिकेतील आकस्मिक चिकित्सकांच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी, जाणकाराच्या देखरेखीखाली तपासून घेतलेल्या, पंचवीस ते पन्नास तपासण्यांचा दंडक घातला; आणि तेथीलच कुटुंबवैद्यांच्या अकादमीने २०१६ साली आपल्या निवासी डॉक्टरांसाठी या विषयाचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. युरोपात जर्मनी व नॉर्वे या देशांतील कित्येक सामान्य चिकित्सक हे यंत्र दवाखान्यात नित्य वापरतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१९ साली या विषयावरील निबंधांचा साकल्याने आढावा घेतला, त्यातून जे दिसले ते सुज्ञपणाचे आहे: प्रश्न जितका नेमका व मर्यादित, तितके कुटुंबवैद्याचे उत्तर अधिक विश्वसनीय, आणि प्रश्न जितका मोघम, तितका प्रमादाचा संभव अधिक. ‘पित्ताशयात खडे आहेत काय?’, ‘मूत्रपिंड फुगले आहे काय?’ हे प्रश्न चांगले. ‘पोटात काय आहे ते बघू’ हा प्रश्न वाईट, कारण त्यातून निरुपद्रवी गाठी सापडतात, घबराट होते, आणि गरिबाच्या खिशातून पाचसहा निष्फळ तपासण्यांचा खर्च निघतो. शिवाय ‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे, हे शिकणाऱ्याच्या मनावर इतके बिंबले पाहिजे की, पडदा स्वच्छ असूनही रुग्ण आजारी वाटला तर त्याने यंत्रावर नव्हे, आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून त्यास पुढे पाठवावे.

येथवर वाचून एखादा वाचक विचारील की, मग डिंडोलीच्या डॉक्टरांनी उद्याच असे यंत्र का घेऊ नये? त्याचे उत्तर कायद्यात आहे, आणि तो कायदा का झाला हे समजून घेतल्यावाचून त्याविषयी बोलणे अन्यायाचे होईल. गर्भजल तपासून व पुढे सोनोग्राफी करून मुलीचा गर्भ पाडण्याचे जे सत्र १९८०च्या दशकात फोफावले, त्याविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. संसदेने त्या धर्तीवर १९९४ साली देशव्यापी कायदा संमत केला.  १९९६च्या आरंभी कायदा अमलात आला खरा, पण अंमल कागदावर राहिला, तेव्हा मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्थांनी साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००३ साली कायदा अधिक कडक करण्यात आला. तरीही २०११च्या शिरगणतीत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या गुजरातेत ८९०, महाराष्ट्रात ८९४, आणि एकट्या बीड जिल्ह्यात ८०७ इतकी खाली आलेली आढळली. हे आकडे वाचून ज्याचे मन विदीर्ण होत नाही त्याच्याशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी प्रत्येक सोनोग्राफी यंत्रास ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडून झालेल्या तपासण्यांची नोंद आपोआप राहील अशी तजवीज केली, तेव्हा क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना उच्च न्यायालयात गेली, आणि २०११ साली न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम कायम ठेवला. 

आता या कायद्याची कक्षा पाहा. गर्भाचे लिंग ओळखण्याची क्षमता असलेले कोणतेही यंत्र, मग ते केवळ पुरुषांची फुप्फुसे तपासण्यासाठी का घेतलेले असेना, नोंदणीवाचून विकता येत नाही, विकत घेता येत नाही, बाळगता येत नाही. नोंदणीची फी पंचवीस हजार रुपये आणि मुदत पाच वर्षे. २०१२च्या नियमांनी फिरत्या यंत्रास नोंदणी झालेल्या आवारातील आंतररुग्णांच्या तपासणीपुरती, अथवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरतीच मुभा ठेवली. सबब अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजीच्या घरी बॅगेतून यंत्र नेणे हा आजमितीस अपराध ठरेल. आणि यंत्र कोणी वापरावे? स्त्रीरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, किंवा जानेवारी २०१४ मध्ये जारी झालेल्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचे, म्हणजे तीनशे तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेला एम.बी.बी.एस. डॉक्टर. या प्रशिक्षणाच्या अटीवर दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१६ साली गदा आणली, परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. पुढच्याच वर्षी त्या न्यायालयाने असाही निवाडा दिला की, गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या वेळी भरावयाच्या एफ फॉर्ममधील त्रुटी ही कारकुनी चूक म्हणून सोडून देता येणार नाही. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, यंत्रास मोहोर लागते ती निराळीच.

कायदा सैल करावा असे मी म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही: या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाच्या नावातच उदर व श्रोणी यांची सोनोग्राफी आहे. ज्या अंगात गर्भ असतो, म्हणजे ज्या अंगाच्या तपासणीने कायद्यास भय वाटते, नेमके तेच अंग कुटुंबवैद्यास शिकविण्याची योजना त्यात आहे. आणि जेथे गर्भाचा प्रश्नच उद्भवत नाही अशी छाती, हृदय व पायाच्या नीला यांसाठी स्वतंत्र, आटोपशीर वाट कायद्याने ठेवलेली नाही. सहा महिने दवाखाना बंद ठेवून हे शिक्षण घेणे डिंडोलीच्या डॉक्टरास शक्य नाही, कारण दवाखाना बंद म्हणजे त्याचाही खाडाच. त्यातून अशा वस्त्यांतील पुष्कळ पाट्यांवर बी.एच.एम.एस. किंवा बी.ए.एम.एस. ही पदवी असते, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हे डॉक्टर या वाटेवर पाऊलही टाकू शकत नाहीत. त्यांना सरसकट मुभा द्यावी असे मला वाटत नाही. परंतु वस्तीची पहिली भिस्त ज्यांच्यावर आहे त्यांना छातीतले पाणी ओळखावयास शिकविण्याची चर्चाही होऊ नये, हे मला बरोबर दिसत नाही.

सुरतेत ही वाट पाडण्यास लागणारी सामग्री हाताशी आहे. सिव्हिल रुग्णालयास जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि महानगरपालिकेचे स्मीमेर अशी दोन अध्यापनाची ठिकाणे शहरातच आहेत, आणि छातीत पाणी, यकृतात पू, मूतखड्याने फुगलेले मूत्रपिंड, पावसाळ्यात डेंग्यूने जाड झालेली पित्ताशयाची भिंत यांचे रुग्ण तेथे मुबलक येतात. दर रविवारी सकाळी पाच-सहा डॉक्टरांची एक तुकडी, एका गुरूच्या देखरेखीखाली, वर्षभर तेथे येत राहिली, तर प्रत्येकाच्या नोंदवहीत छाती, हृदय, उदराचा वरचा भाग व पायाच्या नीला या चार तपासण्यांपैकी प्रत्येकी पंचवीस-तीस तपासण्या सहज जमतील. आणि प्रत्येक तपासणीखाली गुरूची सही असली की त्या नोंदवहीस पदविकेपेक्षा अधिक वजन येईल. कोल्हापुरात जे यंत्राला जोडले गेले तेच येथेही जोडावे, प्रत्येक चित्र तारीखवार जतन व्हावे, आणि कायद्याखालील समुचित प्राधिकाऱ्याचा तपासनीस कधीही येऊन ते उघडून पाहू शकावा. प्रामाणिक डॉक्टरास यात हरकत असण्याचे कारण नाही. नियमांत अशी मर्यादित परवानगी घालण्याचा विचार याच कायद्याखालील केंद्रीय पर्यवेक्षण मंडळाने करावयाचा आहे, आणि कुटुंबवैद्यांच्या संघटनांनी ती मागणी मुलींच्या हक्कांसाठी झगडलेल्या संस्थांना विश्वासात घेऊनच मांडली पाहिजे. त्यांना वगळून केलेली मागणी फेटाळली जाईल, आणि तशी फेटाळली जाणे योग्यही ठरेल.

या योजनेतून श्रोणीची तपासणी मी हेतुपुरस्सर वगळली आहे, आणि ती वगळताना मनाला क्लेश होतो, कारण गर्भ नळीत रुजून नळी फुटल्याने दगावणाऱ्या स्त्रिया वस्तीवस्तीत असतात. तरीही एक गोष्ट सांगावयाची राहते. पाळी चुकलेली एखादी स्त्री पोटात कळ येऊन घेरी आल्यामुळे शेजारणीच्या खांद्याला धरून दवाखान्यात आली, तर गर्भाशयाकडे प्रोब न नेताही, तिला उताणे निजवून, उजव्या बरगड्यांच्या खाली यकृत व मूत्रपिंड यांच्या मधल्या फटीवर तो टेकविता येतो. निरोगी माणसात ती फट मिटलेली असते. तेथे काळी रेघ दिसली की पोटात रक्त साचत आहे असे धरावयाचे. एफ फॉर्म तिच्याही बाबतीत भरावाच लागेल, आणि डॉक्टरांनी तो भरून ठेवावा; पण त्याआधी १०८ला फोन करून, नीलेत सुई घालून सलाईन सुरू करावे, आणि गाडी येईपर्यंत सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागास दूरध्वनीवरून कळवावे की, नळी फुटल्याचा संशय आहे, पोटात रक्त आहे, शस्त्रक्रियेची तयारी ठेवा.